एक्स्चेंजच्या बाई

पोलादपूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा तिथे राहायला जागा मिळेना. शाळेतल्या एका सरांनी महाडातल्या एका बाईंचा नंबर दिला. मी फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलंच नाही. "बोला, कोण हवंय?" असा स्वच्छ, ताठ आवाज आला. मी कोण, कराडहून का आले, एकटीच कशी, सामान किती, सगळं सांगत सुटले. आवाजाने मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "तीन मिनिटं झाली. तुम्हाला पोलादपूरची पहिली एस्टी गाठता येईल अशी खोली हवी आहे. आहे माझ्याकडे. उद्या साडेपाचला या." आणि फोन ठेवला गेला.

मला नेमकं काय हवं होतं ते मला तोवर इतक्या थोडक्यात कळलं नव्हतं.

बाई महाडच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. मुंबईला बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे आणि तासन् तास वाट बघावी लागे, त्या काळातल्या. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात हाताने दोऱ्या खोचून त्या इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून देत. एक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं, "वाढवायचा का?" निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, एक्स्चेंजला कुलूप लागलं होतं, पण ती तीन मिनिटं त्यांच्या अंगात मुरली होती. शेजारीण असो, दूधवाला असो, नाहीतर गुडघे तपासणारे डॉक्टर, तीन मिनिटं झाली की बाई म्हणत, "पुढचं उद्या."

याचा कुणाला राग येत नसे. कारण त्या तीन मिनिटांत बाई जशा ऐकत, तसं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मान किंचित डावीकडे कललेली, डोळे समोरच्या भिंतीवर. ऐकून झालं की तुमचंच बोलणं एका वाक्यात तुम्हाला परत म्हणून दाखवत, जुन्या सवयीने, नंबर बरोबर घेतलाय ना हे तपासावं तसं. सुनेच्या तक्रारी घेऊन आलेल्या एका आजींना त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे ती तुम्हाला विचारत नाही, एवढंच दुखतंय. बाकी काही नाही." आजी पदराने डोळे पुसत घरी गेल्या आणि पुन्हा त्या विषयावर आल्या नाहीत.

गाव त्यांना एक्स्चेंजच्या बाई म्हणायचं. खरं नाव लाइट बिलावर होतं. पण त्या नावाने त्यांना कुणी ओळखणार नाही, म्हणून ते राहू दे.

बाई माणसं नुसत्या आवाजावरून ओळखत. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात होते. मागून कुणीतरी वांग्यांचा भाव विचारला. बाईंनी मान न वळवता म्हटलं, "नाते गावचे ना तुम्ही? भिवंडीहून तुमच्या भावाचा कॉल यायचा. बोलायला लागले की दोघंही ओरडायचात." तो म्हातारा पिशवी धरून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "भाऊ गेला, बाय." बाई वळल्या. "आवाज चांगला होता त्यांचा," म्हणाल्या. एवढंच. म्हाताऱ्याचा चेहरा मला अजून दिसतो.

घराबाहेर पडताना बाईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी असे, त्यांनीच शिवलेली. तिला तीन कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक साधा फोन. तीन कंपन्यांचे तीन. एस्टीत बसल्या की तिन्ही फोन मांडीवर ओळीने ठेवायच्या आणि कुठल्या वळणावर कुठला गप्प झाला ते वहीत टिपायच्या. कंडक्टरांना सवय झाली होती. "बाई, नाते आलं, लिवा," असं ते आपणहून सांगत. लोक हसायचे. सुरुवातीला मीही हसले.

मग एक दिवस मी विचारलंच, हे कशासाठी?

तेव्हा मला कळलं की टेलिफोन कंपन्यांवर नियम घालणारं एक सरकारी मंडळ दिल्लीत असतं. नियम बदलायचे झाले की ते आधी प्रश्नांचा एक मसुदा काढतं आणि लोकांकडून उत्तरं मागवतं.

"कुठल्या लोकांकडून?" मी म्हटलं.

"लोकांकडून म्हणजे लोकांकडून. तुझ्या-माझ्याकडून. लिहिलंय तसं."

उत्तरं देत कंपन्यांचे वकील. आणि महाडहून बाई. रेघी कागदावर, मराठीत, रजिस्टर पोस्टाने. बाईंचे वडील कोर्टात पट्टेवाले होते. त्यांच्या वस्तीत पाण्याचा नळ यावा म्हणून पहिला अर्ज त्यांनी लिहिला होता, आणि नळ येईपर्यंत ते लिहीत राहिले होते. ते म्हणत, तोंडी मागितलं की उपकार होतात, लेखी मागितलं की नोंद होते. बाईंनी हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की मी ते माझ्या वर्गालाही सांगते.

मी राहायला गेले त्या वर्षी मोठा मसुदा आला. दूरसंचाराचे सगळे नियम पुन्हा तपासून बघायचे, कंपन्यांमध्ये खरी स्पर्धा राहावी आणि ग्राहकाचं भलं व्हावं, असा त्याचा हेतू. शे-दीडशे पानं, सगळी इंग्रजीत. बाईंचं इंग्रजी 'नंबर प्लीज'च्या फारसं पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे माझी भरती झाली. सकाळी चहा झाला की मी वाचायचं आणि सांगायचं, एस्टीची वेळ होईपर्यंत.

"थांब. 'इफेक्टिव्ह कॉम्पिटिशन' म्हणजे काय? वर शिवथरच्या खोऱ्यातल्या बाईला कळेल असं सांग."

"म्हणजे एका दुकानात नीट माल मिळाला नाही तर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता आलं पाहिजे."

"आणि दुसरं दुकानच नसलं तर?"

मी पान उलटलं. "तोच प्रश्न सतरावा आहे. जिथे एकाच कंपनीची सेवा पोचते तिथे काय करावं, असं विचारलंय."

बाईंनी तो प्रश्न मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "विचारणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक नाही. चांगलं आहे. असाच प्रश्न विचारावा."

मसुद्यात एक गोष्ट माहिती म्हणून आली होती, ती आम्ही दोघींनीही त्याच दिवसांत वाचली. आपल्या कंपनीचा टॉवर बंद असला, पण आसपास दुसऱ्या एखाद्या कंपनीची रेंज असली, तर फोनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' अशी अक्षरं येतात. त्याचा अर्थ असा की आणीबाणीचा जो तीन आकडी नंबर आहे, तो तेव्हाही लागतो. कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो. ही सोय कितीतरी वर्षांची आहे. मला ते माहीत नव्हतं. बाईंना होतं.

कंपन्यांचे नकाशेही होते. त्यांत शिवथरचं खोरं वरपासून खालपर्यंत रंगवलेलं होतं, म्हणजे सगळीकडे रेंज.

"रंग कुणी भरला?" बाईंनी विचारलं.

"कंपनीनेच."

"मग आपण बघून येऊ."

रविवारी आम्ही शिवथरला उतरलो आणि वर धनगरवाडीकडे चढायला लागलो. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. दर दहा पावलांवर थांबायच्या, पण थांबल्या की तिन्ही फोन बघायच्या, त्यामुळे थांबण्याचं कारण गुडघे की फोन हे कळत नसे. वर दहा-बारा घरं, म्हशींचे गोठे, अंगणात वाळत घातलेली नाचणी. बाई प्रत्येक उंबऱ्यावर बसल्या. तिन्ही फोनवरून महाडला घरी कॉल लावला, उचलायला शेजारच्या काकू बसवून ठेवल्या होत्या. मी वहीत लिहीत होते. खाली खोऱ्यात ज्या कंपनीचा टॉवर, तिचंच कार्ड वाडीत सगळ्यांकडे. ते घरात लागत नव्हतं, बाहेर एका खडकावर उभं राहिलं की लागत होतं. दुसरी कंपनी कुठेच नव्हती. तिसऱ्या कंपनीची रेंज मात्र पलीकडच्या घाटातल्या टॉवरवरून येत होती, शेवटच्या तीन घरांत अगदी भरपूर. पण तिचं कार्ड वाडीत कुणाकडेच नव्हतं. खालच्या दुकानात ते विकायलाच नसे.

शेवटचं घर धोंडिबांचं. साठीचा, सडपातळ माणूस. त्यांचा मुलगा म्हादू औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा, त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होता. दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे बघत होता.

"टॉवर बंद पडतो का कधी?" बाईंनी विचारलं.

"पडतो ना," धोंडिबा म्हणाले. "पावसात लाइट गेली का दोन-दोन दिस नसतो. दोन वर्सांमागं असाच बंद हुता. तवाच हिला पान लागलं. म्हशीला गवत कापीत हुती."

पान लागलं म्हणजे साप चावला. धोंडिबांची बायको. भर दुपारची वेळ. खाली रस्त्यावर दरड आलेली. फोन लागेना म्हणून त्यांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून चिखलातून खाली नेलं. दरडीपलीकडे गाडी शोधण्यात वेळ गेला. पोलादपूरला पोचेपर्यंत ती गेली होती.

बाईंची मान डावीकडे कललेली होती. तीन मिनिटं कधीच उलटली होती. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा फोनवर काय दिसत होतं?"

"मला कुटं वाचता येतंय? फोन ह्याच्या हातात हुता. ह्याला इचारा."

म्हादू चौकटीपासून सरळ झाला. त्याला आठवावं लागलं नाही. "इमर्जन्सी कॉल्स ओन्ली," तो म्हणाला. "मी धा येळा आपल्या मामाला लावला, शिवथरला. एवढंच येत राहिलं." मग म्हणाला, "बाई, तुम्ही टेलिफोनातल्या ना? मला एक सांगा. त्याचा अर्थ काय असतो?"

मी वहीतून मान वर केली नाही. बाईंच्या मांडीवर तिसऱ्या कंपनीचा फोन होता आणि त्यावर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या.

बाई उत्तराला कधी वेळ लावत नसत. त्या दिवशी लावला. मग त्या म्हणाल्या, "तेव्हा काही अर्थ नव्हता त्याचा. आता नवी सोय झालीय. आता असं दिसलं की आणीबाणीचा नंबर लावायचा. तो लागतो."

"आता लागतो?"

"आता लागतो. तेव्हा नव्हता लागत."

म्हादूने एक श्वास सोडला. किती दिवस आत धरून ठेवला होता कोण जाणे. तो गोठ्याकडे गेला, आणि थोड्या वेळाने त्याने म्हशीला हाक मारल्याचं ऐकू आलं.

मग बाईंनी सगळी वाडी अंगणात गोळा केली. फोन हातात घेऊन ती अक्षरं कशी दिसतात ते मातीत काठीने काढून दाखवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना म्हणाल्या, अक्षरं नका बघू, तीन शब्द दिसतात का तेवढं बघा. तो तीन आकडी नंबर एकेकाकडून म्हणवून घेतला. एक आजी लाजली, "मला नाय गो जमायचं," म्हणाली. बाई तिच्यापाशी जमिनीवर बसल्या आणि जमेपर्यंत बसून राहिल्या.

उतरताना मी म्हटलं, "बाई, ती सोय नवी नाही. परवाच आपण वाचलं."

"ठाऊक आहे."

"मग?"

त्या एका दगडावर बसल्या. "त्याने कॉल लावला असता तर गाडी आली असती का? रस्ता बंद होता. कदाचित पलीकडून आली असती, कदाचित नसती. मला त्याला फक्त 'कदाचित' देता आलं असतं. ते त्याने जन्मभर वाहिलं असतं."

मग त्या उठल्या आणि पिशवी खांद्याला लावून उतरायला लागल्या.

घरी उत्तरं लिहायला बसलो तेव्हा आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सतराव्या प्रश्नाला याहून मोठं उत्तर नाही. एकाच कंपनीवर सोडलेली वाडी, शेजारी दुसरीची भरपूर रेंज, आणि ती अक्षरं वाचता येऊनही अर्थ माहीत नसलेला मुलगा. हे वाचलं तर दिल्लीत कुणालाही झोप लागणार नाही.

"सगळी उत्तरं ते इंटरनेटवर टाकतात," बाई म्हणाल्या. "आणि म्हादू दहावी झालाय."

"गावाचं नाव घालू नका."

"धनगरवाडी, पाऊस, साप, दरड. तो स्वतःच्या आईला ओळखणार नाही?"

"पण बाई, मग त्या बाईचं मरण फुकट जाईल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिचं मरण तिच्या घरच्यांचं आहे. माझ्या उत्तराला लावायला मी ते मागून आणलेलं नाही." मग पेन उचललं आणि वहीतली घरं, खडक, काड्या हे सगळं तारीखवार उतरवून काढलं. त्यात धोंडिबांचं घर होतं, फक्त 'शेवटचं घर' म्हणून.

पुढे मंडळाने मुंबईत खुली चर्चा ठेवली आणि बाईंना त्याचं पत्र आलं. मी रजा टाकून बरोबर गेले. मोठं सभागृह, गारठवणारा एसी, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. कंपन्यांची माणसं, त्यांचे वकील, एक-दोन ग्राहक संघटना. अध्यक्षांनी सांगितलं, प्रत्येकाला तीन मिनिटं. मी बाईंकडे पाहिलं, पण त्यांना त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. एका कंपनीचे वकील दहा मिनिटं बोलले. स्पर्धा किती जोरात चालू आहे आणि नियम कमी केले तर ती किती वाढेल, असं काहीतरी.

बाई उभ्या राहिल्या. "मी मराठीत बोलेन. ही इंग्रजीत सांगेल. तिचा वेळ माझ्या वेळात धरा."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या कंपनीचा टॉवर बंद आहे आणि दुसऱ्या कंपनीची रेंज आहे. फोनवर तीन इंग्रजी शब्द येतात. त्यांचा अर्थ तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या आईला सांगितलाय? हात वर करा."

मी इंग्रजीत सांगितलं. सभागृहात माणसं चुळबुळली. मागच्या रांगेत एका तरुण मुलीचा हात वर गेला. दहा मिनिटं बोललेल्या वकिलांनी हात अर्ध्यावर आणला आणि बाटलीकडे नेला. व्यासपीठावर कुणाचाच नव्हता.

"हा अर्थ सगळ्या कंपन्यांना मिळून लोकांना सांगता आला असता," बाई म्हणाल्या. "त्याला स्पर्धा आड येत नव्हती. आता माझं मागणं. एका खांबावर तीन कंपन्या बसू शकतात असं तुमच्याच कागदात आहे. तर जिथे एकच आहे, तिथे दुसरीला त्याच खांबावर जागा द्यायची सक्ती करा. नकाशा कंपनीने रंगवावा, पण तपासावा गावाने. आणि फोनला जे सांगायचंय ते त्याने माणसाच्या भाषेत सांगावं. माझी वही सोबत जोडली आहे."

अध्यक्ष म्हणाले, तुमचा थोडा वेळ शिल्लक आहे, मॅडम, आणखी काही?

"नाही. माझं झालं."

त्या खाली बसल्या. त्यांचा हात मी हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला. आयुष्यात मी मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं ऐकली आहेत, पण माणसाने स्वतःकडचं सर्वांत धारदार हत्यार म्यानात ठेवून लढावं आणि तरी सभा गप्प करावी, हे एकदाच पाहिलं.

निर्णय पुढच्या वर्षी आला. नकाशे गाववार जाहीर करायचे आणि ग्रामसभेला हरकत घेता यावी, हे मान्य. एकाच कंपनीच्या भागात दुसरीला टॉवरवर जागा, हेही मान्य, पण टप्प्याटप्प्याने. भाषेचा मुद्दा पुढे विचारात घेऊ. मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "दोन लागले, एक एंगेज." आणि तिसऱ्यासाठी त्याच दिवशी नवा अर्ज लिहायला घेतला.

खोऱ्यातल्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीची माणसं चढल्याची बातमी आम्हाला धोंडिबांनीच आणून दिली. महाडला म्हशीच्या औषधाला आले होते. पत्ता विचारत विचारत घरी आले, तुपाची बरणी घेऊन. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, ते पायरीवरच बसले. टॉवरचं सांगून झालं. म्हादूचं लग्न ठरल्याचं सांगून झालं. मग त्यांनी बरणी पायरीवर ठेवली.

"बाय," ते म्हणाले, "खाली दवाखान्यात एक डॉक्टरीण हाय. तिला मी सहज इचारलं. ती बोलली, त्यो नंबर लागायची सोय लय जुनी हाय."

मी दारातच थांबले.

"म्हादू आता जेवतो," धोंडिबा म्हणाले. "हसतो. तुमी आलात त्या दिसापासनं. त्यो इचारील कवा तरी. तुमाला, नायतर ह्या बायना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हून मी आलो. तुमच्या तोंडनं ऐकून जातो. ती सोय कवाची हाय?"

बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"नवी आहे," त्या म्हणाल्या.

"नवीच हाय," धोंडिबा म्हणाले, आणि त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून त्याने तोंड पुसलं.

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर दोघं नव्या टॉवरवर बोलायला लागले होते, वाडीतल्या कुठल्या घरात पोचेल आणि कुठल्या नाही. बाईंनी वही उघडली होती आणि धोंडिबा एकेक घर सांगत होते.